विसाव्याची सवलत

ते वाक्य घड्याळसाहेबांना उद्देशून नव्हतंच. ते होतं दवाखान्याच्या व्यायामवर्गात त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या एका निवृत्त ट्रकवाल्यासाठी, जो चपला काढाव्यात की ठेवाव्यात या विचारात खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. त्याच्यासमोर उभी राहून व्यायाम घेणारी मुलगी, जिला इथले सगळे पेशंट मास्तरीण म्हणत, नेहमीचं समजावणं समजावत होती. पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात. चाललं की पोटरीला रक्त पुरत नाही, म्हणून ती आवळून येते. थांबलं की दुखणं जातं. घड्याळसाहेबांनी हे दहा आठवड्यांपूर्वी ऐकलं होतं आणि तेव्हाच पाठ झालं होतं. ते आपल्या ट्रेडमिलवर चालत होते, डावी पोटरी नुकतीच बोलायला लागली होती, आणि समोरच्या आकड्यांवरून त्यांची नजर हलत नव्हती. मग मास्तरीण सहज म्हणाली, "कित्येकांना वर्षानुवर्षं कळतच नाही हो. चालता चालता पाय भरून येतो, लोकांसमोर थांबायची लाज वाटते, मग दुकानाच्या काचेसमोर उभे राहतात. काहीतरी बघतोय असं दाखवायचं. दोन मिनिटांनी परत चालू." ट्रकवाला खो खो हसला. म्हणाला, "म्हणजे आमचा सगळा बाजार तुमचाच पेशंट की!" मास्तरीणही हसली. घड्याळसाहेबांचा पाय पट्ट्यावर पडायचा तो मागे पडला, दांडा हातात होता म्हणून बरं, नाहीतर तोंडावरच आपटले असते. मास्तरीण धावत आली, तिने मशीन बंद केलं. "काका, किती? तीन का चार?" दुखण्याला इथे आकडे होते. एक म्हणजे जाणवतंय, चार म्हणजे आता एक पाऊलही नाही, आणि तीनच्या पुढे गेलं की उतरून खुर्चीत बसायचं. "दोन," ते म्हणाले. ते नेहमी दोनच म्हणत.

खुर्चीत बसल्यावर त्यांना आठवले ते पंप. एकाशेजारी एक मांडलेले, निळ्या आणि हिरव्या रंगाचे, विहिरीत सोडायचे, टाकीला जोडायचे, बोटाएवढ्या नळीपासून मांडीएवढ्या नळीपर्यंतचे, आणि त्यांच्यासमोर हातात पिशवी धरून उभी असलेली त्यांची बायको. मान जराशी कलती. पंपांकडे इतक्या मन लावून बघणारी बाई त्या दुकानदारानेही आयुष्यात पाहिली नसेल. एकदा तो बाहेर येऊन विचारता झाला, काय दाखवू म्हणून, तेव्हा ही गडबडून म्हणाली, "नाही, नुसतं बघतेय." पुढे दहा पावलांवर उभ्या असलेल्या घड्याळसाहेबांच्या डोक्यात तिडीक गेली होती. नुसतं बघणं या गोष्टीचाच त्यांना मुळात राग होता. घ्यायचं असेल तर घ्यावं, नसेल तर चालावं. माणसाने दुकानासमोर उभं राहून वेळ वाया का घालवावा, हे त्यांना काडीइतकंही कळत नसे.

वेळ हा त्यांचा धंदाच होता. एकतीस वर्षं ते कारखान्यात कामाचा वेळ मोजत होते. गळ्यात दोरीने अडकवलेलं स्टॉपवॉच, हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद, आणि कामगाराच्या डाव्या खांद्यामागे दोन पावलांवर उभं राहायचं, म्हणजे त्याला आपण दिसतही नाही आणि आपण आहोत हे विसरताही येत नाही. खोका उचलला, सहा सेकंद. खोका ठेवला, चार सेकंद. झाकण, पट्टी, शिक्का. सगळ्यांची बेरीज करायची, आणि मग त्यात शेकड्यात काही टक्के मिळवायचे, कारण माणूस म्हणजे काही मशीन नाही, तो दमतो, पाणी पितो, घाम पुसतो. त्या टक्क्यांना कागदावर नाव होतं, विसाव्याची सवलत. ती सवलत किती द्यायची हे घड्याळसाहेब ठरवत. आणि त्यांचा लौकिक असा की त्यांनी ठरवलेली सवलत वरचा कुणी कधी कमी करू शकला नाही, कारण कमी करण्याजोगं त्यांनी काही शिल्लकच ठेवलेलं नसे. पॅकिंगमधल्या बायका दिवसभर उभ्याने काम करत, त्यांना बारा टक्के होते, ते यांनी नऊवर आणले. तेव्हा एक जाडजूड बाई त्यांना तोंडावर म्हणाली होती, "साहेब, तुमच्या घरी पण अशीच टक्केवारी चालते का हो?" सगळा विभाग हसला, हेही हसले. घड्याळसाहेब हे नाव त्याच विभागाने ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडलं होतं.

"काका, उठलात कुठे?" मास्तरीण ओरडली. त्यांना कळलंच नाही आपण उठलो कधी. "दुखणं पूर्ण गेलं का?" "गेलं." "एका मिनिटात? अहो, बसणं हा निम्मा व्यायाम आहे. तुम्ही चालण्यात कधी कच्चे नाही, बसण्यातच चोरी करता." दहा आठवडे ती हे सांगत होती आणि दहा आठवडे ते मनातल्या मनात तिला हसत होते. खुर्चीत बसून कुणी बरं होतं का? आज मात्र ते खाली बसले. पोटरीतला गोळा अजून तसाच होता. डोळे मिटले तर समोर काच, काचेत पंप, आणि पंपांच्या वर, काचेत, दिसते न दिसतेशी बायकोची सावली. ती काय बघत होती? तिची नजर पंपावर होती, की ती आत, पायाकडे लक्ष देऊन, आकडा मोजत होती? तीन, अडीच, दोन. तिला आकडे कुणी शिकवले नव्हते. आणि समजा हे सगळंच आपल्या मनाचं असलं तर? बाई पंप बघत असेल, तिला खरोखरच पंप आवडत असतील. जगात काहीही आवडणारी माणसं असतात. त्यांनी हा विचार घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण तो ओल्या साबणासारखा निसटला.

कारण ती एकदा म्हणाली होती. नाही, दोनदा. पहिल्यांदा म्हणाली, "जरा हळू चला ना." त्यावर त्यांनी तिला शास्त्र सांगितलं होतं, की हळू चालणारा माणूस जास्त वेळ पायांवर राहतो म्हणून जास्त दमतो. दुसऱ्यांदा, काही महिन्यांनी, भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "हल्ली पोटरीत गोळे येतात." आणि ते म्हणाले, "चालायची सवय नाही, दुसरं काय." त्या दिवसापासून त्यांनी तिला रोज संध्याकाळी फेरीला न्यायला सुरुवात केली. तिच्याच भल्यासाठी. हे त्यांनी तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं आणि आजही शपथेवर सांगितलं असतं. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. एकट्याने त्यांना बावीस मिनिटं लागत, तिच्याबरोबर एकतीस. नऊ मिनिटं जातात कुठे? त्यांनी एक आठवडा नीट नोंद केली. नऊच्या नऊ मिनिटं काचांमध्ये जात होती. चष्म्यांचं दुकान, कुलपांचं दुकान, बक्षिसांचे कप विकणारं दुकान, पंप. मग एका संध्याकाळी, निघण्याआधी, चपलेत पाय घालता घालता, त्यांनी तिला निकाल सांगितला. "जाताना एक दुकान, येताना एक. कुठलं ते तू ठरव." तिने पिशवी हातात घेतली. मग म्हणाली, "चालेल." तिने पंपांचं दुकान ठरवलं.

ही त्यांच्या घरातली ठरलेली गंमत होऊन बसली. पाहुणे आले, चहा झाला, की घड्याळसाहेब पाय पसरून सांगत, "आमच्याकडे विहीर नाही, टाकी सरकारी आहे, पण हिने पंप मात्र पसंत करून ठेवलाय." पाहुणे हसत. जुने पाहुणे तर स्वतःहून विचारत, "काय वहिनी, झाली का पंपाची खरेदी?" तीही हसे. अगदी मोकळेपणाने हसे, तोंडाला पदर वगैरे न लावता. लेक तेवढी उठून कपबश्या गोळा करी आणि आत घेऊन जाई, आणि आतून नळाचा मोठा आवाज येई. पोरगी कामसू आहे, असं पाहुणे म्हणत. बायकोला जाऊन आता सहा वर्षं झाली. दुपारी कपडे वाळत घालताना हृदय बंद पडलं, चिमटा हातातच होता. तिच्या मागे तिच्या आठवणी म्हणून ज्या काही दोनचार गोष्टी नातेवाइकांत फिरत, त्यात पंपाची गोष्ट सगळ्यांत वरची. कुणीतरी ती काढी, सगळे हसत, आणि मग सुस्कारा टाकून म्हणत, फार हौशी होती हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच निघाले. घरी रोज अर्धा तास चालायचं, दुखलं की थांबायचं, थांबल्याची वेळ वहीत लिहायची, असा मास्तरणीचा हुकूम होता. ते एरवी घरामागच्या मैदानाला फेऱ्या मारत, तिथे ओळखीचं कुणी भेटत नसे. आज त्यांनी जुनी वाट धरली. चष्म्याच्या दुकानापाशी पाय ठीक होते. तिथे काचेत चांगले रंगीबेरंगी चष्मे होते, बाईमाणसाने थांबावं असंच दुकान. कुलपांपाशी एक आकडा. कपांच्या दुकानापाशी दोन. ती जागाही वाईट नव्हती, पितळी कप, लाकडी ढाली, निदान चकाकत तरी होते. त्यापुढे रस्ता थोडा चढाला लागतो. इतकी वर्षं या रस्त्याला चढ आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि तो चढ संपता संपता डाव्या पोटरीत कुणीतरी पिळा घातला, तीन, साडेतीन, त्यांनी हात टेकायला म्हणून आधार शोधला, आणि हाताला लागली ती काचेची थंडगार चौकट. मान वर केली तर पंप. रंग तेच होते. म्हणजे तिने दुकान निवडलंच नव्हतं. तिने अंतर निवडलं होतं. एकच विसावा मिळणार म्हटल्यावर तो लवकर खर्च करून चालणार नव्हतं, चष्म्यांवर नाही, कपांवर नाही, जिथे अगदी जीव जाईल तिथे तो वापरायचा, एवढा चोख हिशेब तिने केला होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे वेळ मोजणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणाच्या तरी मोजणीपुढे हात टेकावे लागले, आणि ते माणूस त्यांच्या घरात, त्यांच्या ताटात वाढत होतं. त्यांना रडू आलं नाही. त्यांना राग आला, आणि तोही तिचाच. एवढं कळत होतं तर नीट बोलली का नाही? थोबाडीत मारल्यासारखं सांगायचं होतं. दुकानदाराचा मुलगा आता गल्ल्यावर होता, चाळिशीचा टकल्या गृहस्थ, तो बाहेर येऊन म्हणाला, "काय दाखवू, आजोबा?" घड्याळसाहेब म्हणाले, "नाही, नुसतं बघतोय." 

पुढचे दोन आठवडे त्यांनी चोरी केली नाही. मास्तरणीला खरे आकडे सांगितले, दुखणं पूर्ण जाईपर्यंत खुर्चीत बसले, एकदा तर पाच मिनिटं बसले. शेजारच्या ट्रेडमिलवरून ट्रकवाला ओरडला, "काय साहेब, गाडी गॅरेजमध्ये का?" आणि व्हायचं तेच झालं. बसायला लागल्यापासून चालणं वाढलं. ही गोष्ट त्यांना फार लागली. औषध साधं होतं, फुकट होतं, आणि त्याचा निम्मा भाग त्यांच्या खिशात होता, तिला दिला असता तर मिळाला असता. खुर्चीत बसून ते एकच विचार करत, लेकीला सांगायचं. ती आठवड्यातून दोनदा येते, फ्रिज भरते, गोळ्यांचा डबा लावते, फार बोलत नाही. आईचा विषय निघाला तर नुसतं हं म्हणते. तिला सांगायचं की तुझी आई हौशी नव्हती, तिला दुखत होतं, आणि मी तिला दोन दुकानं दिली. सांगितलं तर ती यायची बंद होईल का? एवढीच भीती होती, आणि ती खरी होती, कारण लेकीशिवाय त्यांच्या दाराची बेल वाजवणारं आता कुणीच नव्हतं. नाही सांगितलं तर पुढच्या लग्नकार्यात कुणीतरी पुन्हा पंप काढणार, आणि त्यांना पुन्हा हसावं लागणार. त्यांनी ठरवलं, शेवटच्या चाचणीच्या दिवशी सांगायचं.

चाचणीच्या दिवशी डॉक्टरांनी घरच्या माणसाला बोलावलं होतं, म्हणून लेक ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली. भिंतीला टेकून, पर्स छातीशी धरून, ती बघत उभी राहिली. पहिल्या दिवशी घड्याळसाहेब एकशे नव्वद मीटरवर उतरले होते, आज चारशे साठ. मास्तरणीने टाळ्या वाजवल्या. ट्रकवाला म्हणाला, "पासिंग झालं!" डॉक्टरांनी पायाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, तूर्त ऑपरेशनची गरज नाही, असंच चालत राहा. लेक म्हणाली, "छान." बसमध्ये दोघं पुढेमागे बसले, शेजारी जागा होती तरी. स्टॉपवर उतरल्यावर घर दहा मिनिटांवर, टाकीच्या बाजूने. ती पुढे, हे मागे. चाचणीने पाय आधीच थकलेले होते. पोटरी भरायला लागली. सांगायचं कुठून, आधी आई की आधी पाय, असा विचार चालला होता, तेवढ्यात लेक थांबली. पंपांच्या दुकानासमोर.

"थांबा इथे," ती म्हणाली.

"मला काही होत नाहीये."

"डावा पाय आपटायला लागलाय तुमचा. थांबा."

ते काचेशी उभे राहिले. लेक त्यांच्याशेजारी, काचेकडे तोंड करून, मान जराशी कलती. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असतं, बापलेक पंप घ्यायला आलेत. ते म्हणाले, "तुझी आई इथे थांबायची."

"हो."

"ती पंप बघत नव्हती, बरं का."

"माहितीय, बाबा."

पंपांच्या खाली किमतीच्या चिठ्ठ्या होत्या, त्या लेक एकेक करून वाचत होती. घाईने नाही, सरावाने. "आईला इथे दीड मिनिट पुरायचं," ती म्हणाली. "तुम्हाला जास्त लागतंय."

"तुला तिने सांगितलं होतं?"

"मीच घेऊन गेले होते तिला डॉक्टरांकडे. कॉलेजात होते तेव्हा. ते म्हणाले, चाला, दुखलं की थांबा, गेलं की परत चाला. रोज अर्धा तास. दुसरं औषध नाही म्हणाले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, चालायचं काही नाही गं, हे चालवतातच. थांबायचं कसं तेवढं शोधायला हवं."

"मला सांगायचं होतं."

लेकीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

त्यांना उत्तर येत होतं. त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं असतं. दीड मिनिट हा आकडा कागदावर लिहिला असता. पुढच्या महिन्यात सव्वा केला असता, आणि दिवाणखान्यात पाहुण्यांना प्रगती सांगितली असती. लेकीलाही ते उत्तर येत होतं, म्हणून ती थांबली नाही. "दोन दुकानं दिलीत ना तुम्ही तिला, त्या दिवशी ती खूश होती. मला म्हणाली, बघ, आता लपवावं लागणार नाही, हक्काचं झालं. मला ते सगळ्यांत जास्त लागलं."

"अगं, पण सगळे हसायचो आपण. तीसुद्धा हसायची."

"मी हसले कधी?"

त्यांना आतल्या नळाचा आवाज आठवला. धो धो सोडलेला नळ, आणि त्याखाली कपबश्या, ज्या घासायला तेवढं पाणी कधीच लागत नसे. दोन आठवडे ते समजत होते की ही गोष्ट आपल्यालाच नुकतीच कळली आहे आणि ती लेकीला सांगायची आहे, आणि ती गोष्ट या पोरीच्या पोटात वीस वर्षं पडून होती, आणि ती पोटात ठेवूनच ती फ्रिज भरत होती, गोळ्या लावत होती. ती यायची बंद होईल याची त्यांना भीती होती. ती कधी आलीच नव्हती हे त्यांना आत्ता कळलं. येत होतं ते फक्त कर्तव्य.

पोटरीतला गोळा विरघळत आला होता. दोन. एक. मग काहीच नाही.

"गेलं का दुखणं?" लेकीने विचारलं.

त्यांनी आयुष्यभर या प्रश्नाला हो म्हटलं होतं, गेलं नसतानाही. "नाही," ते म्हणाले. "अजून नाही." त्यांना एवढंच हवं होतं, की तिने अजून थोडा वेळ तिथे उभं राहावं, बोलली नाही तरी चालेल.

लेकीने मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "मला पाचच्या आत माझ्या घरी पोचायचंय. तुम्ही जा सावकाश." आणि ती निघाली. भरभर, हात न हलवता, मागे न बघता, थेट त्यांच्यासारखी. आपण मागून कसे दिसतो हे माणसाला कधी बघायला मिळत नाही. घड्याळसाहेबांना त्या दिवशी मिळालं. पाठ लहान होत गेली, कपांच्या दुकानापाशी पोचली, कुलपांपाशी पोचली, आणि एकदाही थांबली नाही. आतून दुकानदार बाहेर आला, त्याने त्यांना ओळखलं, आणि काही न विचारता परत गल्ल्यावर जाऊन बसला.